दगडाचा पत्ता : भुज ते धोळावीरा

कच्छचा इतिहास म्हटला की लखपतचे बंदर, जाडेजांचे राज्य, सिंधशी चालणारा व्यापार आणि अलीकडचा २००१चा भूकंप, एवढ्या गोष्टी आपल्याला आठवतात. या प्रदेशाला आणखी एक इतिहास आहे. तो दगड वेचणाऱ्यांचा आहे. जवळजवळ दोनशे वर्षे लष्करातले अभियंते, सरकारी सर्वेक्षक, तेलाच्या शोधात आलेले भूशास्त्रज्ञ आणि विद्यापीठांतले अध्यापक इथल्या उजाड टेकड्या तुडवत आले आहेत. त्यांनी गोळा केलेले दगड कोलकात्याला गेले, लंडनला गेले. त्या दगडांवरून या भूमीवर कोणे एके काळी समुद्र होता, तो कधी आला आणि कधी हटला, हे ठरत गेले.

मी भूशास्त्रज्ञ नाही. जुन्या दप्तरांत रमणारा माणूस आहे. त्यामुळे दगडांपेक्षा ते उचलणाऱ्यांनी काय लिहून ठेवले, याचे मला अधिक कुतूहल होते. दोन हिवाळ्यांपूर्वी एका मित्राबरोबर मोटारीने भुजहून निघालो, नखत्राणा, चारी, जुमारा करून पुन्हा उत्तरेला खावड्याला आलो आणि रण ओलांडून धोळावीऱ्याला पोहोचलो. त्या वाटेच्या क्रमानेच हा इतिहास मांडतो आहे, कारण इथे इतिहासाची पाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडलेली आहेत आणि ती हल्ली फार वेगाने सुटी होऊ लागली आहेत.

भुज शहराच्या पूर्वेला भुजियो डुंगर आहे. त्यावरचा किल्ला १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने घेतला आणि त्याच वर्षी कच्छच्या दरबाराशी तह झाला. त्याच वर्षाच्या १६ जूनला मोठा भूकंप झाला. रणाच्या पश्चिम भागात सिंदडीचा किल्ला पाण्याखाली गेला आणि त्याच्या उत्तरेला जमिनीचा एक लांबलचक बांध वर आला. लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ म्हटले, म्हणजे माणसाने न घातलेला बांध. चार्ल्स लायेल यांनी आपल्या भूशास्त्रावरील ग्रंथात या घटनेला जागा दिली आणि जमीन एका दिवसात वरखाली होऊ शकते, याचा दाखला म्हणून कच्छचे नाव युरोपच्या विद्वानांपर्यंत गेले.

या वातावरणात कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट कच्छमध्ये आले. ते मुंबई इलाख्याच्या लष्करातले, बॉम्बे इंजिनिअर्सचे अधिकारी. खडकांचा अभ्यास हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग नव्हता. तरीही त्यांनी कच्छचा भूशास्त्रीय नकाशा तयार केला आणि त्याबरोबरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत १८४० मध्ये छापून आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था स्थापन झाली १८५१ मध्ये. म्हणजे सरकारी खाते जन्माला येण्याआधी एका हौशी माणसाने एका अख्ख्या प्रांताचे खडक वेगवेगळ्या रंगांत कागदावर उतरवले होते.

ग्रँट यांनी पाठवलेल्या जीवाश्मांचे वर्णन जेम्स डी कार्ल सोवर्बी यांनी केले. हे नाव नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांचे वडील जेम्स सोवर्बी यांनी विल्यम स्मिथच्या जीवाश्मांची चित्रे काढली होती. स्मिथ हा कालव्यांच्या कामावर राबलेला इंग्रज सर्वेक्षक. खडकाचा प्रत्येक थर त्यात सापडणाऱ्या जीवाश्मांवरून ओळखता येतो, हे त्याने दाखवले आणि १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा नकाशा त्या तत्त्वावर रंगवला. त्या तत्त्वाचा अर्थ असा की जीवाश्म म्हणजे नुसती नवलाची वस्तू नव्हे. तो थराचा शिक्का आहे. मात्र शिक्का कोणत्या कागदावर होता, हे माहीत असले तरच त्याचा उपयोग. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दप्तर फुटून कागद सुटे झाले, कोणत्या घराण्याच्या पेटीतला कोणता हे पुसले गेले, की चांगल्या अक्षरातले पत्रही निम्मे मुके होते.

नखत्राण्याच्या रस्त्याला लागल्यावर उत्तरेला धिणोधरचा डोंगर दिसू लागतो. सपाट माळावर एकदम उभा राहिलेला हा काळा सुळका नाथपंथीयांचे जुने स्थान आहे. धरमनाथ या डोंगरावर बारा वर्षे डोक्यावर उभे राहून तप करीत होते. तप संपवून डोळे उघडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी नजर उत्तरेच्या समुद्राकडे वळवली आणि समुद्र आटून रण झाले, अशी कथा आहे. कानफाट्या जोग्यांचा मठ अजून पायथ्याला नांदतो आहे. नवनाथांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही कथा परकी वाटत नाही.

डोंगराचा दगडही आपल्याला परका नाही. धिणोधर ही एका जुन्या ज्वालामुखीची नळी आहे. आत थिजलेला लाव्हा उरला आणि भोवतीचा मऊ खडक झिजून गेला. हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच ज्वालामुखी उद्रेकांशी जोडलेला आहे, ज्यांनी सह्याद्रीचे काळे कडे घडवले. महाराष्ट्रात हा काळा पाषाण इतका सर्वत्र आहे की त्याखाली काय आहे, हे आपल्याला सहसा दिसत नाही. कच्छमध्ये तो मधूनमधून आहे आणि त्याच्या आधीचे थर उघडे पडले आहेत. मराठी प्रवाशाने कच्छला जाण्याचे हे एक चांगले कारण आहे. आपल्या जमिनीच्या पुस्तकाच्या आधीचे खंड इथे वाचायला मिळतात.

धिणोधर मागे टाकून चारी गावाकडे वळलो की डांबर संपते आणि मोटार चाकोरीतून डुलत चालते. चारीचे उथळ पाणथळ क्षेत्र हिवाळ्यात पक्ष्यांनी भरते, म्हणून बरेच प्रवासी इथवर येतात. त्याच परिसरात कीरा नावाची टेकडी आहे. लांबून ती उजाड मातकट ढिगाऱ्यासारखी दिसते. जवळ गेल्यावर कळते की खडकांचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे घुमटाकार वाकलेले आहेत आणि घुमटाचा माथा झिजल्यामुळे मधे सर्वांत जुने थर उघडे पडले आहेत. मधून बाहेर चालत जाणे म्हणजे जुन्याकडून नव्याकडे जाणे. इतकी सरळ कालगणना क्वचितच कुठे पायाखाली येते.

यातला एक थर सोनेरी-तपकिरी दाण्यांचा आहे. भिंगाखाली तो माशाच्या गाबोळीसारखा दिसतो. उथळ, हलत्या समुद्राच्या तळाशी खनिजाचे पापुद्रे चढत चढत असे गोल दाणे तयार होतात. या खडकाला भूशास्त्रात ऊलाइट म्हणतात आणि त्या ग्रीक नावाचा अर्थही अंड्यांचा दगड असाच आहे. मागे पाहिलेले वाळवंट डोळ्यांसमोरून पुसून तिथे उबदार समुद्र उभा करायला ओंजळभर दाणे पुरतात.

उतारावर अ‍ॅमोनाइट पडलेले असतात. माकूळ आणि नळाचे जे दूरचे नातलग, त्यांपैकी हा एक नामशेष झालेला प्राणी. त्याचे गुंडाळलेले, कप्प्याकप्प्यांचे कवच दगडात उरले आहे. आपल्या अनेक देवघरांत हा प्राणी पिढ्यानपिढ्या पूजेत आहे. गंडकीचा चक्रांकित शाळिग्राम म्हणजे हिमालयातल्या काळ्या शेलच्या थरांतला अ‍ॅमोनाइट. तो थरही ज्युरासिक काळातलाच. शाळिग्रामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. नदीने तो थरातून सोडवून गोल केलेला असतो आणि त्याचे मोल त्याच्या चक्रात आहे, जागेत नाही. भक्ताला तो कोणत्या कड्यावरून आला हे विचारण्याचे कारण नसते. कच्छच्या अ‍ॅमोनाइटला मात्र आपण ज्या प्रश्नांची उत्तरे मागतो, ती तो जागेवर असतानाच देऊ शकतो.

हिमालयाचे आणि कच्छचे हे दोन्ही समुद्र जवळून पाहिलेला एक माणूस होता. फर्डिनांड स्टोलिच्का, मोराव्हियात १८३८ मध्ये जन्मलेला. व्हिएन्नात शिकून तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत आला, स्पितीच्या थरांवर त्याने काम केले आणि १८७१-७२च्या हंगामात तो कच्छमध्ये होता. त्याच्या आधी ए. बी. विन आणि फ्रान्सिस फेडन यांनी या भागाचे सर्वेक्षण केले होते आणि विन यांचा कच्छवरचा वृत्तान्त १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. विन यांनी इथल्या ज्युरासिक खडकांचे ढोबळमानाने वरचा आणि खालचा असे दोन भाग केले होते. स्टोलिच्काने चार केले आणि त्यांना कच्छमधलीच नावे दिली : पच्छम, चारी, कत्रोल, उमिया.

ही चार नावे पुढे जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गेली. त्यांत चारीही आहे, जिथे आम्ही चहासाठी थांबलो होतो. चहावाल्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘भाई, आमच्या गावाला जिल्ह्यातसुद्धा कोणी ओळखत नाही.’’

स्टोलिच्काला आपले कच्छचे काम स्वतः प्रसिद्ध करता आले नाही. १८७३ मध्ये तो यारकंदच्या मोहिमेवर गेला आणि परतीच्या वाटेवर, काराकोरम ओलांडल्यावर, १९ जून १८७४ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर लेहला आहे. कच्छच्या अ‍ॅमोनाइटांचे वर्णन करण्याचे काम त्याचा सहकारी विल्हेल्म वागेन याने केले. वागेनचा ग्रंथ १८७३ ते १८७५ या काळात भागाभागाने निघाला आणि चार विभागांची योजना त्यात स्टोलिच्काच्या टिपणांच्या आधारे आली. मेलेल्या माणसाची टिपणे दुसऱ्याला वापरता आली, कारण कोणता नमुना कोणत्या थरातला, हे त्यांत होते. नुसती दगडांची पोती मागे राहिली असती तर वागेनला फक्त सुंदर आकार मोजता आले असते. त्यांची आधी-नंतरची ओळ लावता आली नसती.

पत्ता नीट नसला की काय होते, याचे उदाहरणही कच्छनेच दिले. १९२७ ते १९३३ या काळात एल. एफ. स्पॅथ यांनी कच्छच्या अ‍ॅमोनाइटांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. ते लंडनमध्ये काम करीत आणि त्यांच्यापुढे इतरांनी निरनिराळ्या काळी जमवलेले संग्रह होते. विद्वत्ता अफाट, नजर तीक्ष्ण. त्यांनी बारीकसारीक फरकांवरून शेकडो जाती वेगळ्या केल्या. ग्रंथ आजही प्रमाण म्हणून उघडला जातो. पण पुढे १९६०च्या दशकात एक गोष्ट पुढे आली. अ‍ॅमोनाइटांत नर आणि मादी यांच्या आकारात मोठा फरक असे, त्यामुळे लहान आणि मोठी कवचे वेगळी नावे घेऊन बसली होती. एकाच थरातून अनेक नमुने एकत्र मिळाले तर असे जोड ओळखता येतात. कपाटातल्या एकेकट्या नमुन्यावरून ते अवघड जाते. म्हणून नंतरच्या पिढीतल्या भारतीय अभ्यासकांना, त्यांत जादवपूर आणि बनारसच्या विद्यापीठांतले लोक होते, पुन्हा त्याच टेकड्यांवर येऊन थर मोजत, थरागणिक नमुने घेत काम करावे लागले.

चारीच्या पश्चिमेला जुमाराची टेकडी आहे. तिथल्या एका अ‍ॅमोनाइटला वागेनने १८७५ मध्ये नाव दिले होते. तो नेमका कोणत्या काळातला आणि त्यावरून जुमाराच्या पच्छम चुनखडकाचे वय किती ठरते, या प्रश्नावर ब्रिटिश अभ्यासक जॉन कॅलोमन यांनी १९९३ मध्ये निबंध लिहिला. एका दगडावरची चर्चा ११८ वर्षांनीही चालू होती. टेकडी अजून जागेवर होती, म्हणून ती चालू राहू शकली. विसाव्या शतकातच एस. के. बिस्वास यांनी सगळ्या कच्छची पायपीट करून थरांची नव्याने मांडणी केली आणि १९७७ मध्ये झुरियो, जुमारा, झुरान, भुज अशी नावे रूढ केली. जुनी नावे की नवी, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. दोन्ही बाजूंनी नावे मात्र कच्छच्या टेकड्यांची आणि गावांचीच ठेवली आहेत.

जुमाराहून मागे फिरून आम्ही खावड्याला गेलो आणि तिथून काळो डुंगर चढलो. ४६२ मीटर उंचीचा हा कच्छमधला सर्वांत उंच माथा. वर दत्ताचे देऊळ आहे आणि संध्याकाळी आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालण्याची प्रथा आहे. दत्त म्हटल्यावर मराठी यात्रेकरू आलेच. वाहनतळावर पुणे आणि सोलापूरच्या पाट्यांच्या गाड्या होत्या. माथ्यावरून उत्तरेला रणाचा पांढरा पट्टा क्षितिजापर्यंत जातो. पायाखालचे खडक कच्छमध्ये उघड्यावर दिसणाऱ्या ज्युरासिक खडकांतले सर्वांत जुने आहेत. धरमनाथांच्या नजरेने समुद्र आटल्याची कथा इथे उभे राहून आठवली की ती रचणाऱ्याच्या निरीक्षणाचे कौतुक वाटते. रण ही समुद्राची जागा आहे, एवढे त्याने बरोबर ओळखले होते.

वाहनतळाजवळच्या दुकानांच्या फळ्यांवर मीठ, भरतकामाच्या पिशव्या आणि एका टोपलीत अ‍ॅमोनाइटांचे तुकडे होते. विकणाऱ्या मुलाला मी विचारले, हे कुठले? त्याने हात सगळ्या दिशांना फिरवला. त्याचे काही चुकत नव्हते. विकत घेणाऱ्यांपैकी कोणी त्याला याहून अधिक विचारत नसावे.

खावड्याहून खडीर बेटाकडे जाणारा नवा रस्ता रणातून सरळ जातो. दोन्ही बाजूंना मीठ किंवा पाणी, मधे डांबराची रेघ. पूर्वी धोळावीऱ्याला जायला दक्षिणेकडून रापरमार्गे लांबचा वळसा पडे. आता खावड्याहून काही तासांत पोहोचता येते. या रस्त्याने प्रवाशांची संख्या वाढली, खडीरच्या लोकांना दवाखाना आणि बाजार जवळ आले. रस्त्याला भराव लागतो आणि भरावाला दगड लागतो, हेही वाटेत दिसत राहते.

धोळावीऱ्याला पोहोचल्यावर जाणवते की कच्छमधले पहिले दगड-शोधक ग्रँट नव्हेत. जगत पती जोशी यांनी १९६०च्या दशकात नोंदवलेल्या आणि रवींद्रसिंह बिष्ट यांनी १९९० पासून पुढे उत्खनन केलेल्या या हडप्पाकालीन नगरात दगडाची पारख करणारी माणसे साडेचार हजार वर्षांपूर्वी राहत होती. विटांच्या नगरांसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्कृतीचे हे नगर दगडांत बांधलेले आहे. पाण्याचे हौद काही ठिकाणी खडकातच कोरले आहेत. खांबांचे घासून गुळगुळीत केलेले भाग पाहिले की दगड जवळच मिळतो म्हणून कसाही वापरला, असे झालेले नाही हे कळते. २०२१ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले.

हडप्पा संस्कृतीच्या अभ्यासातही शेवटी दगडाचा पत्ताच महत्त्वाचा ठरला. रँडल लॉ यांनी हडप्पा येथे सापडलेले दगड आणि खनिजे मूळ कुठली, याचा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. एखादा तुकडा कोणत्या डोंगरातला हे कळले की तो कोणी, कोणत्या वाटेने नेला, याचा विचार सुरू होतो. लिपी अजून वाचता न आलेल्या संस्कृतीच्या व्यापाराचा हिशेब असा दगडांवरून मांडावा लागतो. मात्र त्यासाठी दोन्ही टोके हवीत, सापडलेला तुकडा आणि त्याची मूळ खाण. खाणच उकरून संपली तर तुकड्याला जोडायला काही उरत नाही.

धोळावीऱ्यापासून काही किलोमीटरवर रणाच्या काठी वनखात्याने कुंपण घालून ज्युरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके जपले आहेत. व्यवस्था साधी आहे, पण ओंडके जिथे होते तिथेच आहेत. संपूर्ण कच्छला कुंपण घालता येणार नाही आणि घालूही नये. उतारावर सुटा पडलेला अ‍ॅमोनाइट जागेवर ठेवला तरी तो कायम राहत नाही. ऊन, थंडी आणि पावसाने हळूहळू त्याची माती होते. वेचणाऱ्यांनी वेचले नसते तर आपल्याला काहीच कळले नसते. तेव्हा ‘हात लावू नका’ एवढा नियम पुरेसा नाही.

कसे वेचावे याचे एक अलीकडचे उदाहरण कच्छच्याच पश्चिमेला आहे. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत २००५ मध्ये काही मणके मिळाले. ते बरीच वर्षे तसेच राहिले. २०२४ मध्ये आयआयटी रुरकीच्या देबजित दत्त आणि सुनील बाजपेयी यांनी दाखवले की ते एका अजस्र सापाचे आहेत. २७ मणक्यांवरून त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी असा अंदाज आहे आणि त्याला ‘वासुकी इंडिकस’ असे नाव मिळाले. काळ सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. तो काळ सांगता आला, कारण मणके कोणत्या खाणीतल्या कोणत्या थरांतले, हे एकोणीस वर्षे त्यांच्या बरोबर राहिले. ते कोणाच्या दिवाणखान्यात शोभेला असते तर आज साप झाला नसता, नुसती हाडे राहिली असती.

कायद्याची बाजू अजून कच्ची आहे. भू-वारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या मतासाठी मांडला होता. त्याचा कायदा झालेला नाही. मसुद्यावर स्थळांचे सर्वाधिकार एकाच सरकारी संस्थेच्या हाती जातील, असा आक्षेप काही भूशास्त्रज्ञांनी घेतला. ग्रँटचे उदाहरण पाहता त्या आक्षेपात तथ्य वाटते. ज्ञानाची सुरुवात इथे एका हौशी माणसाने केली होती. कायदा असा हवा की पुढचा ग्रँट गुन्हेगार ठरणार नाही आणि टोपली भरून विकणाऱ्याला मात्र थांबवता येईल.

मला त्याहून जवळचा एक उपाय दिसतो. भुजचे कच्छ संग्रहालय १८७७ मध्ये स्थापन झाले. ते गुजरातमधले सर्वांत जुने संग्रहालय आहे. स्टोलिच्काच्या चारही नावांची गावे-डोंगर त्याच जिल्ह्यात आहेत. कच्छचे मूळ नमुने कोलकात्यात आणि लंडनमध्ये आहेत, ते तिथे नीट जपले गेले आहेत. पण चारीच्या शाळेतल्या मुलाला चारीचा अ‍ॅमोनाइट पाहायला तिथे जाता येणार नाही. तालुक्याच्या गावी एक खोली, त्यात गावागणिक आणि थरागणिक मांडलेले दगड, प्रत्येकावर जागा, थर, तारीख आणि आणणाऱ्याचे नाव, आणि नोंदवही सांभाळायला गावचाच एखादा शिक्षक. टोपलीवाल्या मुलाला टोपलीपेक्षा त्या नोंदवहीत काही रोजगार मिळाला, तर तो हात सगळ्या दिशांना फिरवणार नाही. टेकडीचे नाव सांगेल.

मोटारीने जाणाऱ्याला करता येईल ते याहून सोपे आहे. जीवाश्म दिसला की तो जागेवर असतानाच शेजारी किल्ली किंवा पेन ठेवून त्याचा फोटो काढावा, मागच्या थराचाही काढावा, जागेची नोंद मोबाइलमध्ये घ्यावी आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. ग्रँटला जे घोड्यावरून हिंडून, कागदावर रंग भरून करावे लागले, ते आता खिशातल्या यंत्राने मिनिटभरात होते. पत्ता लिहिण्याचे काम इतके स्वस्त कधीच नव्हते. तो न लिहिता दगड उचलण्याचे कामही रणातल्या नव्या रस्त्याने तितकेच सोपे केले आहे.